मजुराच्या मजुरीवर जप्ती कोणाची?

शेतकरी, विणकर, मजूर आणि बलुतेदार बंधुभगिनींनो,

कर्जाच्या वसुलीसाठीं माणसाची मजुरी किंवा पगार जप्त करतां येतो काय, हा प्रश्न आज विटा, खानापूर, आटपाडी या मुलुखांत घरोघर विचारला जातो. विचारणारा तो दबलेल्या आवाजांत विचारतो, जणूं गुन्हा त्यानेंच केला आहे! वसुलीवाला मात्र चार माणसांत उभा राहून मोठ्यानें सांगतो, "हप्ता टाक, नाहीं तर मालकाला सांगून तुझा पगारच उचलतों." आवाज मोठा म्हणून तो कायद्याचाच आवाज असला पाहिजे, अशी आमच्या भोळ्या लोकांची समजूत होऊन बसली आहे. ही समजूत खोटी आहे, आणि तिच्या जोरावर कितीएकांचे संसार चालले आहेत व कितीएकांचे बुडाले आहेत.

आधीं उत्तर देतों, मग कारणें सांगतों. मजुराची मजुरी जप्त करण्याचा अधिकार सावकाराला नाहीं, बँकेला नाहीं, बँकेनें नेमलेल्या वसुलीवाल्याला तर मुळींच नाहीं. आणि सावकारानें लावलेल्या दाव्यांत तो दिवाणी कोर्टालाही नाहीं. पगारदाराच्या पगाराचा कांहीं भाग जप्त होऊं शकतो. पण तोही दावा चालून हुकूमनामा झाल्यावर, कोर्टाच्या हुकमानें, ठरलेल्या मापानें आणि ठरलेल्या मुदतीपुरताच. असें असतां आमच्या हातचा पैसा दर आठवड्याला जातो कोठें? तो कोर्टाच्या जप्तीनें जात नाहीं. तो आमच्या अंगठ्यानें, आमच्या सहीनें आणि आमच्या भीतीनें जातो. हेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहा. १९०८ सालची दिवाणी प्रक्रिया संहिता आजही चालू आहे. हुकूमनामा झाल्यावर ऋणकोच्या कोणत्या मालमत्तेवर जप्ती न्यावी आणि कोणत्या मालमत्तेला हात लावूं नये, हें तिच्या ६० व्या कलमांत लिहिलें आहे. तेथें मजुराची आणि घरगड्याची मजुरी, मग ती रोकड असो कीं धान्यांत असो, पूर्ण माफ आहे. मजूर म्हणजे कोण, याचा खुलासाही तेथेंच आहे. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तिन्ही मजूर त्यांत येतात, आणि मजुरींत बोनसही येतो. म्हणजे विट्याच्या यंत्रमागावर कापड विणणारा, वीटभट्टीवर राबणारा, दुसऱ्याच्या रानांत भांगलणारी बाई, गवंड्याच्या हाताखालचा बिगारी, या सर्वांची मजुरी जप्तीच्या बाहेर आहे. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यांत दूर देशीं भट्टीपुढें बसून मजुरी करणारा आपला पोरगा यालाही हाच कायदा लागू आहे. मुलूख बदलला म्हणून हक्क बदलत नाहीं.

आतां पगारदाराचें पाहा. शिक्षक, शिपाई, एस्टीचा कंडक्टर, कारखान्यांतला कारकून, यांच्या पगारांतले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेच्या तीन भागांपैकीं दोन भाग यांना जप्ती लागत नाहीं. समजा, पगार २५,००० रुपये आहे. १,००० बाजूला काढा, राहिले २४,०००. त्यांतले दोन भाग म्हणजे १६,००० पुन्हां सोडा. मिळून १७,००० रुपये घरीं आलेच पाहिजेत. जप्ती चालेल ती फार तर ८,००० रुपयांवर. तीही जन्मभर नव्हे. २४ महिने जप्ती झाली कीं पुढचे १२ महिने ती थांबवावी लागते, आणि एकाच हुकूमनाम्याखालीं एकूण २४ महिने भरले कीं त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा मोकळा होतो. टाकलेल्या बायकोच्या पोटगीचा हुकूमनामा असला तर मात्र पगाराचा तिसरा हिस्साच वांचतो. तें योग्यच आहे; कारण तेथें धनको सावकार नसून भुकेलें पोट आहे.

त्याच कलमांत आणखी बरेंच कांहीं आहे. कारागिराचीं हत्यारें, कसणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटापाण्याला लागणारीं अवजारें, बैल व बियाणें, अंगावरचीं वस्त्रें, चुलीवरचीं जरुरीचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणें बाईला अंगावेगळा करतां येत नाहीं असा दागिना, शेतकऱ्याचें व मजुराचें राहतें घर, प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम, हें सारें जप्तीबाहेर आहे. घर आपण होऊन गहाण लिहून दिलें असेल तर गोष्ट वेगळी. पण साध्या हातउसन्या कर्जासाठीं कोणी दारांत येऊन भांडीं बाहेर फेकूं लागला, तर तो कायदा चालवीत नसून कायदा मोडीत आहे, हें पक्कें ध्यानांत ठेवा.

आणि या सर्वांहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. १९७६ सालीं या कलमाला एक पोटकलम जोडण्यांत आलें. त्याचा अर्थ असा कीं, "मी माझी ही माफी सोडून देतों" असा करार कोणीं लिहून दिला तरी तो करार रद्द समजावा. वाचकहो, हें वाक्य घरांत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. सावकाराच्या छापील कागदावर बारीक अक्षरांत कांहींही लिहिलेलें असो, त्याखालीं तुमचा अंगठा असो कीं तुमच्या बापाचा असो, कायद्यानें जी मजुरी माफ केली ती त्या कागदानें जप्तीला पात्र होत नाहीं.

मग तुरुंगाचें भय दाखवितात त्याचें काय? पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं बाईमाणसाला अटक करतां येत नाहीं. पुरुषाच्या बाबतींतही १९८० सालीं जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, ऐपत असून बुडविणारा निराळा आणि ऐपतच नसलेला निराळा. नुसत्या गरिबीसाठीं माणसाला कोंडतां येणार नाहीं. कोऱ्या चेकची गोष्ट मात्र ध्यानांत ठेवा. चेक वटला नाहीं तर तो फौजदारी मामला होतो, आणि त्यांत दोन वर्षांपर्यंत कैद व चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊं शकतो. म्हणूनच आजचा सावकार रोखा मागत नाहीं; तो तुमच्या सहीचे कोरे चेक मागतो! त्याला तुमचा शब्द नको आहे, तुमच्या मानेवर ठेवावयाला सुरी हवी आहे.

हे हक्क सरकारनें दयेनें दिलेले नाहींत. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतल्या सुपें गांवीं शेतकरी उठले. त्यांनीं सावकारांच्या घरांतलीं खतें व रोखे बाहेर काढून जाळले. तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांतल्या गांवांगांवांतून पसरला. तेव्हां कोठें सरकारचे डोळे उघडले आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणें, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. आपला खानापूर तालुका त्या काळीं सातारा जिल्ह्यांतच होता. म्हणजे विट्याच्या शेतकऱ्याला त्या कायद्याची सावली लाभली होती. त्या कायद्यानें पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्याची अटक बंद केली, गहाण न टाकलेली जमीन जप्तीपासून वांचविली, आणि कागदावर काय लिहिलें आहे तेवढेंच न पाहतां मूळ व्यवहार काय झाला तो उकलून पाहण्याचें काम कोर्टाकडे दिलें. तो कायदा आज उरला नाहीं, पण "कागद खरा कीं व्यवहार खरा?" हा त्यानें विचारलेला प्रश्न आजही तितकाच ताजा आहे.

गिरणीमजुरांची कथाही अशीच आहे. १९२९ सालीं नेमलेल्या मजूरविषयक रॉयल कमिशननें १९३१ सालीं अहवाल दिला. पगाराच्या दिवशीं कारखान्याच्या दारांत उभे राहणारे सावकार त्या कमिशनच्या नजरेस आले होते. पुढें १९३७ सालीं दिवाणी कायद्यांत दुरुस्ती होऊन पगाराला आजच्या धर्तीचें संरक्षण मिळालें. विलायतेंत तर १८७० सालींच मजुरांच्या मजुरीवरची जप्ती कायदा करून बंद करण्यांत आली होती. पुढें १९७१ च्या कायद्यानें कमाईवर जप्तीची रीत आली, तरी पोटापुरती रक्कम आधीं बाजूला काढावी लागते. अमेरिकेनें १९६८ सालीं नियम केला कीं, साध्या कर्जासाठीं हातीं पडणाऱ्या पगाराच्या शेंकडा २५ हून अधिक कापूं नये, आणि एका कर्जाची अशी कपात आली म्हणून मालकानें कामावरून काढूं नये. सांगण्याचें तात्पर्य हें कीं, आधीं पोट आणि मग देणें, हा न्याय जगानें मान्य केला आहे. तो कांहीं आळशी ऋणकोंचा कांगावा नव्हे.

इतकें असूनही मजुरी जाते ती कोणत्या वाटेनें, हें आतां पाहूं. पहिली वाट खाजगी सावकाराची. तो कोर्टांत जात नाहीं, कारण त्याच्यापाशीं परवानाच नसतो. तो मजुराचें ए.टी.एम. कार्ड आणि त्याचा आंकडा आपल्यापाशीं ठेवतो. पगार खात्यांत पडला कीं मालकाच्या आधीं सावकार काढतो! २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणें परवान्याशिवाय सावकारी करणें हा गुन्हा आहे, आणि त्याला पांच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. पण तक्रार करावयाची कोणीं? ज्याचें कार्ड सावकाराच्या खिशांत, त्याची जीभही त्याच खिशांत राहते.

दुसरी वाट उचलीची. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याला, वीटभट्टीवरच्या कुटुंबाला, मागावरच्या कामगाराला आधीं उचल मिळते आणि मग ती फिटेपर्यंत त्याचें पाऊल दुसरीकडे पडूं देत नाहींत. हिशेब मुकादमाच्या वहींत, वही मुकादमाच्या पिशवींत! खाडे, औषधपाणी, व्याज, सारें तिच्यांत चढतें; फिटत कांहींच नाहीं. दिलेली उचल मजुरींतून मर्यादेनें वळती करून घेणें निराळें, आणि उचलीपायीं माणूस बांधून ठेवणें निराळें. दुसऱ्या प्रकाराला १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी असें नांव दिलें आहे. तसें कर्ज त्या कायद्यानें बुडीत ठरविलें आहे, आणि माणूस बांधून ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

तिसरी वाट बचतगटासारख्या दिसणाऱ्या साप्ताहिक हप्त्याची, ज्याला मायक्रो फायनान्स म्हणतात. येथें कर्जदार बहुधा आमच्या आयाबहिणी असतात. एकीचा हप्ता चुकला कीं बाकीच्या तिच्या दारांत बसविल्या जातात. म्हणजे जप्ती शेजारणींच्या हातून होते! रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं नियम केला आहे कीं, अशा घराच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असूं नयेत. म्हणजे तीन-तीन कंपन्यांनीं एकाच चुलीवर आपलें भांडें चढविलें असेल, तर दोष एकट्या बाईचा नव्हे. उत्पन्न न पाहतां पैसे वांटणाऱ्याचाही आहे. त्याच वर्षीं रिझर्व्ह बँकेनें बजावलें कीं, बँकांच्या व वित्त कंपन्यांच्या वसुलीवाल्यांनीं सकाळीं ८ च्या आधीं व सायंकाळीं ७ च्या पुढें कर्जदाराला वसुलीसाठीं फोन करूं नये, धाकदपटशा करूं नये, चारचौघांत अपमान करूं नये आणि नातलगांना व मित्रांना छळूं नये.

चौथी वाट सहकाराची. आणि येथें मला आपल्याच माणसांशीं भांडावयाचें आहे. महाराष्ट्र सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्याचें ४९ वें कलम असें कीं, सभासदानें लिहून दिलें तर त्याच्या मालकानें पगारांतून हप्ता कापून परस्पर संस्थेला द्यावा. ही सोय मुळांत चांगली. सावकाराच्या दारीं जाण्यापेक्षां आपली संस्था बरी, म्हणून ती केली. पण आज तिचें काय झालें आहे? खेड्यांत कोणालाही कर्ज हवें असलें कीं जामीन म्हणून शाळामास्तर, एस्टीचा ड्रायव्हर नाहीं तर तलाठी धुंडाळला जातो. कां? तो शहाणा म्हणून नव्हे. त्याचा पगार कापतां येतो म्हणून! कर्ज घेणारा चेअरमनच्या मोटारींत फिरतो आणि जामीनदाराच्या लेकराची फी राहते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, हें कराराच्या कायद्यांत आहे खरें. पण कर्जदाराची मालमत्ता समोर दिसत असतां तिला सोडून गरीब जामीनदाराचाच पगार आधीं ओढावा, हा न्याय कोणत्या शहाण्यानें शिकविला?

एके काळीं आम्ही म्हणत होतों कीं सावकार परका आहे, परजातीचा आहे, म्हणून त्याला आमच्या लेकरांची दया येत नाहीं. आज पतसंस्थेच्या खुर्चींत आमचाच भाऊबंद बसला आहे. खुर्ची बदलली, वही तीच राहिली! कुंपणानेंच शेत खाल्लें तर गाऱ्हाणें कोणाकडे न्यावें? बहुजनांचा पोरगा संचालक झाला याचा मला अभिमान आहे. पण त्यानें मजुराच्या पगारपत्रकावर पहिली नजर टाकतांना आपला बापही मजूर होता हें विसरूं नये.

यावर कांहीं मंडळी म्हणतात, "मास्तर, तुम्ही लोकांना कर्ज बुडवावयाला शिकवितां." मुळींच नाहीं. घेतलें तें फेडलें पाहिजे, आणि आमचा शेतकरी तें फेडतो. लेकराच्या तोंडचा घांस काढून फेडतो. माझें म्हणणें एवढेंच कीं, घांस काढूं नये एवढी मर्यादा कायद्यानें घातली आहे, ती पाळा. दुसरे म्हणतात, "मजुरी जप्त होत नाहीं असें कळलें तर गरिबाला कर्ज कोण देईल?" जो मजुरीवर नजर ठेवून कर्ज देतो त्यानें देण्याआधीं ती मजुरी मोजावी. हजाराच्या कमाईला हजाराचा हप्ता लावणारा धनको मूर्ख तरी असला पाहिजे किंवा लबाड तरी. आणि दोघांचीही भरपाई करण्याचा मक्ता मजुरानें घेतलेला नाहीं.

आतां सरकारकडे आमचें मागणें काय तेंही स्पष्ट सांगतों. जप्तीबाहेरचे पहिले १,००० रुपये २००२ सालीं ठरले. त्याआधीं ते ४०० होते. तेव्हांचे हजार आणि आजचे हजार यांची तुलना बाजारांत तेलाचा डबा घेणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा! हा आंकडा महागाईबरोबर वाढला पाहिजे. दुसरें, १९३६ च्या वेतन कायद्यांत एकूण कपातीची मर्यादा निम्मी होती, पण सहकारी संस्थेचें देणें असलें कीं ती शेंकडा ७५ पर्यंत जात असे. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिनें ती वेगळी सवलत ठेविली नाहीं आणि सर्व कपातींची मर्यादा निम्मी केली. ही मर्यादा प्रत्येक कारखान्यानें, संस्थेनें आणि कचेरीनें खरोखर पाळली जाते कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी सरकारची आहे. तिसरें, कर्जदाराची मालमत्ता संपल्याखेरीज जामीनदाराचा पगार कापूं नये, असा दंडक सहकारी कायद्यांत घातला पाहिजे.

पण सरकार ऐकेपर्यंत हातावर हात ठेवून बसूं नका. कोणी मजुरी मागावयाला आला तर त्याला धीटपणें विचारा, "कोर्टाचा हुकूम कोठें आहे?" मालकाला त्यानें चिठ्ठी पाठविली तर मालकालाही सांगा कीं, वसुलीवाल्याची चिठ्ठी म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. खरोखरच कोर्टाची नोटीस आली तर ती फेकूं नका. दिलेल्या तारखेला हजर राहा आणि ६० व्या कलमाची माफी लेखी अर्जानें मागा. न मागितलेला हक्क कोणी घरीं आणून देत नाहीं. वकिलाला पैसे नसतील तर १९८७ च्या कायद्याप्रमाणें विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. बायका, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्नाचे लोक त्याला पात्र आहेत. बिनपरवाना सावकाराविरुद्ध तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार द्या आणि पोंच घ्या. बँकेचा किंवा वित्त कंपनीचा माणूस छळत असेल तर आधीं तिच्याकडेच लेखी तक्रार करा. दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तेथें पैसा पडत नाहीं. ए.टी.एम. कार्ड, कोरा चेक आणि कोरा कागद, या तीन वस्तु कोणाच्याही हातीं देऊं नका. भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती मागा. आणि जामीन राहण्याआधीं घरच्या लक्ष्मीला विचारा. कारण पगार कापला गेला म्हणजे कमी पडलेलें पीठ तिला मळावें लागतें.

ज्याला हा लेख वाचतां येतो त्यानें तो पारावर, मागाच्या खात्यांत आणि बाजाराच्या दिवशीं न वाचणाऱ्याला वाचून दाखवावा. शाळेंत शिकणाऱ्या पोरापोरींनीं आपल्या आईबापांच्या कर्जाचे कागद एकदां उघडून वाचावे, त्यांत किती सह्या कोऱ्या जागेवर आहेत त्या मोजाव्या, आणि त्या कागदांच्या नकला संस्थेकडे मागाव्या. नकला मागण्याला सुरुवात या आठवड्यापासूनच करा.

— खानापूर तालुक्यांतील एक खेडूत शाळामास्तर